खेळप्रकारनिहाय खेळाडूसंख्येचे प्रकटन : ऑनलाइन बहुखेळाडू खेळांतील एका प्रश्नाची चिकित्सा

सारांश : ऑनलाइन बहुखेळाडू खेळांतील प्रत्येक खेळप्रकारात त्या क्षणी किती जण खेळत आहेत, हे खेळाडूंना दाखवावे की नाही, याविषयी खेळनिर्माते आणि खेळाडू यांच्यात मतभेद आहेत. प्रस्तुत लेखात दोन्ही पक्षांचे युक्तिवाद तपासले असून, नुसती संख्या दाखवणे आणि ती पूर्णपणे दडवणे हे दोन्ही मार्ग सदोष आहेत. संख्या गणपूर्तीच्या संदर्भात व प्रदेशनिहाय दाखवली जावी, असे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : बहुखेळाडू खेळ, खेळप्रकार, मॅचमेकिंग, गणपूर्ती, सामाजिक प्रभाव.

१. प्रस्तावना

कोणत्याही सांघिक खेळाला प्रथम भिडू लागतात. कबड्डीसाठी दोन्ही बाजूंना सात-सात गडी जमले नाहीत, तर मैदान आखलेले असूनही डाव उभा राहत नाही. मात्र मैदानावर किती जण आले आहेत, हे येणाऱ्याला दुरूनच दिसते आणि थांबायचे की घरी परतायचे, याचा निर्णय तो स्वतः घेऊ शकतो. ऑनलाइन खेळातील मैदान अदृश्य असते. तेथे किती भिडू उपस्थित आहेत, हे केवळ खेळ चालवणाऱ्या कंपनीला ठाऊक असते. त्यामुळे खेळाडूसंख्या दाखवण्याचा प्रश्न वरकरणी पडद्यावरील मांडणीचा वाटला, तरी मूलतः तो माहितीवरील अधिकाराचा प्रश्न आहे.

२. पार्श्वभूमी

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील ‘क्वेक’ किंवा त्यानंतरच्या ‘काउंटर-स्ट्राइक’सारख्या खेळांत चालू सर्व्हरांची यादी खेळाडूसमोर येत असे. प्रत्येक सर्व्हरच्या नावापुढे ‘१२/१६’ अशा स्वरूपात उपस्थितांची संख्या आणि एकूण जागा नोंदलेल्या असत. पुढे मॅचमेकिंगची पद्धत रूढ झाली. खेळाडूने केवळ खेळप्रकार निवडायचा आणि प्रतिस्पर्धी व सहकारी शोधण्याचे काम यंत्रणेवर सोपवायचे, असे तिचे स्वरूप आहे. या पद्धतीतही ‘हेलो ३’ (२००७) या खेळात प्रत्येक खेळप्रकारातील उपस्थितांची संख्या दिसत असे. त्याच मालिकेतील ‘हेलो ५’ (२०१५) व ‘हेलो इन्फिनिट’ (२०२१) यांत मात्र ती दिसत नाही. ‘स्टीम’ या वितरणमंचावर संपूर्ण खेळाची समकालिक खेळाडूसंख्या सर्वांना पाहता येते; परंतु त्या खेळाच्या कोणत्या प्रकारात किती जण आहेत, हे त्यावरून कळत नाही.

३. संख्या न दाखवण्याच्या बाजूचे युक्तिवाद

संख्या दडवणाऱ्या निर्मात्यांचा मुख्य आक्षेप असा की, कमी संख्या पाहून खेळाडू त्या प्रकाराकडे फिरकत नाहीत आणि त्यामुळे ती आणखी घटते. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये मांडलेली ‘स्वतःच खरे ठरणारे भाकीत’ ही संकल्पना येथे तंतोतंत लागू पडते. ‘येथे कोणी खेळत नाही’ हा समजच तेथे कोणी न खेळण्याचे कारण होतो.

या आक्षेपाला प्रायोगिक आधारही आहे. मॅथ्यू सालगानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. १४,००० हून अधिक सहभागींना अपरिचित वाद्यवृंदांची ४८ गाणी ऐकण्यास देण्यात आली. काहींना प्रत्येक गाणे आधी कितीजणांनी उतरवून घेतले आहे हे दाखवले गेले, तर काहींना दाखवले गेले नाही. संख्या दिसत असलेल्या गटांत लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय झाली आणि कोणते गाणे यशस्वी होईल, हे सांगणे अधिक अवघड झाले. म्हणजे संख्या ही गुणवत्तेचा निर्लेप आरसा नसून लोकप्रियता घडवणारी एक शक्ती आहे.

मराठी रंगभूमीच्या प्रेक्षकाला हे नवे नाही. नाट्यगृहाबाहेर ‘हाऊसफुल्ल’चा फलक अभिमानाने लागतो, ‘निम्मे नाट्यगृह रिकामे’ असा फलक कोणीही लावत नाही. तथापि हे साम्य एका मर्यादेपर्यंतच टिकते. रिकाम्या खुर्च्यांमुळे प्रयोगाचा रंग उणावला, तरी तिकीट काढलेल्या रसिकाला नाटक पाहायला मिळते. बहुखेळाडू खेळात मात्र दुसरा खेळाडू हाच खेळाचा अनिवार्य घटक आहे. तो नसेल तर प्रयोगच होत नाही. म्हणून नाटकाच्या बाबतीत क्षम्य ठरणारे मौन येथे तितकेसे क्षम्य ठरत नाही.

४. संख्या दाखवण्याच्या बाजूचे युक्तिवाद

पहिला युक्तिवाद खेळाडूच्या वेळेचा आहे. समजा, शंभर जणांत अखेरीस एकच उरतो अशा पद्धतीच्या खेळप्रकारात एका क्षणी जगभरात १,२०० जण आहेत. हा आकडा समाधानकारक वाटतो. परंतु ते चार प्रदेशांत समप्रमाणात विभागले, तर प्रत्येक प्रदेशात ३०० उरतात. एकट्याने, जोडीने व चौघांच्या गटाने खेळण्याच्या तीन रांगा केल्या, तर प्रत्येक रांगेत १०० येतात. कौशल्यानुसार आणखी दोन भाग पाडले, तर ५० उरतात आणि डाव सुरूच होत नाही. विभागणी जितकी बारीक, तितके भिडू दुर्मीळ, हे गणित खेळाडूला ठाऊक नसते. तो ‘शोध सुरू आहे’ या शब्दांकडे पाहत बसतो.

दुसरा युक्तिवाद अफवेचा आहे. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ हा खेळ २३ ऑगस्ट २०२४ रोजी प्लेस्टेशन ५ आणि संगणक यांवर प्रकाशित झाला आणि ६ सप्टेंबर २०२४ रोजी बंद करण्यात आला. स्टीमवरील त्याची सर्वोच्च समकालिक संख्या ६९७ होती. या आकड्यात प्लेस्टेशनवरील खेळाडू मोजलेले नव्हते. तरीही तोच आकडा त्या खेळाची ओळख ठरला. त्या अपयशाची कारणे अनेक होती. मोफत प्रतिस्पर्धी खेळ उपलब्ध असताना त्याची ४० डॉलर किंमत हे त्यांपैकी एक. येथे नोंदवण्याचा मुद्दा इतकाच की, अधिकृत व पूर्ण संख्या उपलब्ध नसली म्हणजे संख्येची चर्चा थांबत नाही. ती अपूर्ण संख्येच्या आधारे होते.

तिसरा युक्तिवाद न्यायाचा असून तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘लीग ऑफ लेजंड्स’मधील ‘डोमिनियन’ हा प्रकार २०१६ मध्ये आणि ‘ट्विस्टेड ट्रीलाइन’ हा प्रकार २०१९ मध्ये बंद करण्यात आला. अल्प खेळाडूसंख्या हा अशा निर्णयांमागील नेहमीचा आधार असतो. ज्या संख्येवर एखाद्या खेळप्रकाराचे भवितव्य ठरते, ती तेथील खेळाडूंना मात्र निकाल लागेपर्यंत ज्ञात नसते. संख्या वेळीच कळली असती, तर ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी एकत्र जमण्याचा मार्ग त्या लहान समूहाला खुला होता.

५. प्रदेश आणि यंत्रखेळाडू

जागतिक बेरीज भारतीय खेळाडूच्या फारशी उपयोगाची नाही. ‘व्हॅलोरंट’चे सर्व्हर मुंबईत आहेत. पुणे, नाशिक वा कोल्हापूर येथील खेळाडूला त्यांच्यामुळे संदेशवहनातील विलंब कमी जाणवतो. परंतु एखाद्या कमी प्रचलित प्रकारात मुंबईच्या सर्व्हरवर भिडू नसतील, तर थांबून राहणे किंवा सिंगापूरच्या सर्व्हरवर अधिक विलंब सोसून खेळणे, एवढेच पर्याय उरतात. जगभरातील लाखोंचा आकडा ही अडचण झाकून टाकतो. म्हणून संख्या प्रदेशनिहाय असणे अगत्याचे आहे.

दुसरी बाब यंत्रखेळाडूंची. ‘फोर्टनाइट’मध्ये २०१९ पासून संगणकनियंत्रित खेळाडूंचा समावेश होऊ लागला. नवख्यांना सरावासाठी त्यांचा उपयोग होतो, हे मान्य. तथापि माणसे आणि यंत्रखेळाडू यांची सरमिसळ करून दाखवलेली संख्या ही माहिती नसून जाहिरात होय.

६. निष्कर्ष

वरील ऊहापोहावरून असे दिसते की, संख्येची हानिकारकता संख्येत नसून तिच्या तुलनेत आहे. ‘अमंग अस’ हा खेळ २०१८ मध्ये आला आणि २०२० पर्यंत जवळजवळ दुर्लक्षित राहिला. त्यातील खुल्या खोल्यांच्या यादीत दहापैकी सात जण आहेत, असे दिसते. सात ही संख्या लाखाशेजारी केविलवाणी ठरते. दहाशेजारी मात्र ती ‘तीन भिडू हवेत’ असे आमंत्रण होते. जुन्या ‘१२/१६’ या नोंदीतही हेच शहाणपण होते.

सबब, प्रत्येक खेळप्रकारासमोर त्या प्रदेशातील मानवी खेळाडूंची संख्या, डावाला लागणारी गणपूर्ती आणि अपेक्षित प्रतीक्षा या तीन बाबी एकत्रितपणे दाखवल्या जाव्यात. केवळ प्रतीक्षेचा अंदाज पुरेसा नाही, कारण तो पडताळून पाहण्याचे साधन खेळाडूपाशी नसते. नव्या प्रकाराला सुरुवातीचे काही आठवडे सवलत देता येईल; परंतु एखादा प्रकार बंद करण्याचा विचार सुरू झाल्यावर ही सवलत राहू नये. लहान समूहाला आपण लहान आहोत हे कळल्याने दुःख होईल, हे खरे. परंतु एकत्र येऊन तो टिकवण्याची संधीही त्याला त्या जाणिवेतूनच मिळते.