चारचौघींत एक

माणसाची चारचौघांत ऊठबस असावी, असं आमचे वडील म्हणत. मी ती ठेवलीही. पण आमच्या सेलूत चारचौघे म्हणजे स्टेशनच्या रस्त्यावरचा चहा, कापसाचा भाव आणि लेट झालेली गाडी. तिथं नाटकाचा विषय काढला, की एकेकाला घरची कामं आठवत. त्यामुळे मी नाटककार आहे, ही गोष्ट बरीच वर्षं मला एकट्यालाच ठाऊक होती.

त्यातून माझी नाटकं 'स्त्री-पात्रविरहित' या जातीची. ज्यांनी शाळेची गॅदरिंगं आणि गणेशोत्सव भोगलेत, त्यांना ही जात आठवेल. अशा एकांकिकांची पुस्तकं निघत आणि वर तसं ठळक छापलेलं असे. औषधाच्या बाटलीवर 'विष' छापतात, तितक्याच काळजीनं. त्यांत आई नेहमी देवळात, बायको माहेरी आणि बहीण पत्रातून. बायकांना रंगमंचावर पाऊल न ठेवू देता त्यांच्याबद्दल तासभर बोलत राहणं मला छान साधलं होतं. सौ.च्या मते घरीसुद्धा.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या चौघींनी दुपारचं नाट्यवाचन सुरू केलं. पहिलंच नाटक 'चारचौघी'. पुरुषांची वाक्यं वाचायला कुणीतरी हवं होतं. "आमच्या ह्यांना दुपारी काही काम नसतं," एवढ्या शिफारशीवर माझी निवड झाली.

'चारचौघी' प्रशांत दळवींचं. दळवी आपल्या मराठवाड्याचे. तेव्हाच्या औरंगाबादेत 'जिगीषा' नावाच्या मंडळात चंद्रकांत कुलकर्णी, प्रतीक्षा लोणकर अशा मित्रमैत्रिणींबरोबर ते नाटक शिकले. 1991 साली 'चारचौघी' रंगमंचावर आलं. दिग्दर्शक कुलकर्णीच, आणि दीपा श्रीराम, वंदना गुप्ते, आसावरी जोशी, प्रतीक्षा लोणकर या चौघी. 2022 साली कुलकर्णींनीच ते पुन्हा उभं केलं, तेव्हा रोहिणी हट्टंगडी, मुक्ता बर्वे, कादंबरी कदम आणि पर्ण पेठे होत्या.

गोष्ट एका आईची आणि तीन मुलींची. आई एका विवाहित पुरुषाशी नातं जोडून, लग्नाशिवाय, ताठ मानेनं संसार केलेली. थोरल्या विद्याच्या नवऱ्याचं बाहेर प्रकरण. मधल्या वैजूचा नवरा बोलण्यात तरबेज आणि कमावण्यात शून्य. धाकट्या विनीला दोन मुलगे आवडतात आणि तिला दोघंही हवेत. वैजूचा नवरा मी वाचला. "अगदी सहज जमतंय तुम्हाला," असं शेजारच्या वहिनी म्हणाल्या. मी ते कौतुक समजलो.

आमच्या नाटकांत बाईचं दुःख पूर्वीही येत होतंच. 1967च्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये तेंडुलकरांनी बेणारेबाईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. सगळं टोळकं तिच्यावर तुटून पडतं आणि तिच्या बाजूला एकही माणूस नाही. मोठं नाटक, पण बाई एकटी. दळवींनी तिला तीन सोबतिणी दिल्या. इथं भांडणं होतात, चिमटे निघतात, पण ती घरातल्या माणसांची. चौघी एकमेकींशी बोलतात आणि आपण मुकाट्यानं ऐकतो. हे लिहिणारा पुरुष आधी कुठंतरी बायकांच्या घोळक्यात गप्प बसला असला पाहिजे, असं मला सारखं वाटत होतं. माझ्या आजवरच्या लेखनात नेमकं तेवढंच राहिलं होतं. गप्प बसणं.

मग तो प्रसिद्ध टेलिफोनचा प्रवेश आला. विद्या नवऱ्याशी फोनवर बोलते, बोलतच राहते. पलीकडचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. पुरुष नाटककारानं पुरुषाचा आवाजच काढून घेतलाय! विद्या वाचत होती आमची सौ. फोन म्हणून हातात चष्म्याचं घर. ती एक वाक्य वाचायची आणि थांबायची. त्या थांबण्यात नवरा काय म्हणत असेल, ते मला सांगावं लागेना. मला पाठ होतं. "तू उगीच वाढवतेस." "आता हा विषय कशाला?" माझं बाहेर प्रकरण कधीच नव्हतं, तेवढी कुवत नाही. पण वाक्यं तीच होती. प्रवेश संपला तेव्हा कुणी बोललं नाही. सौ.नं चष्मा पुसला आणि घरात ठेवला.

नाटकात काही जागी मात्र माणसं बोलायची थांबतात आणि वक्तृत्व स्पर्धा सुरू होते, विशेषतः विनीच्या प्रश्नापाशी. एवढं टिपण करून मी समीक्षक झालो होतो. तेवढ्यात आई वाचणाऱ्या काकूंनी पुस्तक मिटलं. वय पंचाहत्तर, हातात निवडायची मेथी.

"सगळं खरं. पण त्या माणसाच्या लग्नाच्या बायकोचं काय हो? ती कुठंय ह्याच्यात?"

मी ते नाटक पूर्वी दोनदा वाचलं होतं. ती पाचवी मला एकदाही दिसली नव्हती. ती रंगमंचावर येतच नाही. म्हणजे एका अर्थी तीही माझ्या नाटकांतल्यासारखी, बाहेरगावी ठेवलेली. नाटक त्यामुळे लहान होत नाही. आई आपली निवड उजळ माथ्यानं सांगते, हे बळ आहेच. पण त्या निवडीची अर्धी किंमत दुसऱ्या कुठल्या घरात कुणी भरली, हा हिशेब मांडायचा राहिला. काकूंना तो का सुचला, हे मी विचारलं नाही. त्या पुन्हा मेथी निवडू लागल्या होत्या.

तेव्हापासून दर गुरुवारी मी त्या चौघींत जातो. "ऐकायलेत की झोपायलेत?" एवढीच चौकशी माझी होते. गेल्या महिन्यात भीतभीत माझी नवी एकांकिका वाचली, जन्मातली पहिली स्त्रीपात्र असलेली. नायिका गॅसवर दूध ठेवते आणि खिडकीशी उभी राहून चार पानं आयुष्यावर बोलते.

वाचन संपलं. माझी छाती धडधडत होती.

"भाऊ," काकू म्हणाल्या, "चार पानं झाली, दूध उतू कसं गेलं नाही?"

मी घरी येऊन दुसऱ्या पानावरच दूध उतू जाऊ दिलं. उरलेली दोन पानं तिला ओटा पुसण्यात बोलताच आली नाहीत. एकांकिका बरीच सुधारली.