आई परत आली, पण कुठल्या रकान्यात?

मी स्टॅटिस्टिक्सवाला. स्थलांतरावरच्या पुस्तकांच्या वाटेला मी सहसा जात नाही. लॉरेटा बाल्डासर यांचं ‘व्हिजिट्स होम’ (2001) हातात घेतलं ते घरच्या कारणाने. माझी मोठी बहीण न्यू जर्सीत नोकरी करते. तिच्या बाळंतपणाला आई धुळ्याहून गेली आणि साडेपाच महिन्यांनी परत आली.

पुस्तक इटलीतल्या सान फिओर गावाहून ऑस्ट्रेलियातल्या पर्थला गेलेल्यांबद्दल आहे. त्यातला मुद्दा मला फार आवडला: परदेशात घर झालं की स्थलांतर संपत नाही, गावाकडच्या फेऱ्या हासुद्धा त्याचाच भाग. तुमच्यापैकी कुणी सिनॉप्सिसमध्ये ‘गेले, स्थिरावले’ एवढंच लिहिणार असेल तर आधी हे वाचा.

आपल्याकडची आकडेवारी याबाबत कोरडी आहे. 2020-21 च्या पीएलएफएसमध्ये ‘नेहमीचं राहण्याचं ठिकाण’ म्हणजे जिथे माणूस सलग सहा महिने किंवा जास्त राहिला ते. अमेरिकेत पाहुण्यांच्या व्हिसावर एका खेपेला साधारण सहा महिनेच राहू देतात. व्हिसा जिथे संपतो तिथे व्याख्या सुरू होते! आई या फटीत बरोबर बसली. त्या सर्वेक्षणाने तात्पुरते पाहुणेही मोजले, 15 दिवस किंवा जास्त पण सहा महिन्यांहून कमी राहिलेले, पण भारतातल्या घरांमध्ये. व्याख्या चूक आहे असं मी म्हणत नाही, कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण रेघेबाहेर राहिलं ते ‘फिरायला गेले होते’ असं गृहीत धरणं चूक. आई तिकडे रात्र-रात्र नातवाला घेऊन बसत होती. नायगारा तिने फोटोतच पाहिला.

आता पुस्तकाबद्दलची माझी तक्रार. बाल्डासर यांच्या मांडणीत प्रवास करतो तो गाव सोडून गेलेला माणूस, आणि गावचं घर त्याची वाट बघत जागेवर असतं. ते जागेवर ठेवतं कोण? हा प्रश्न मला पर्थच्या पुस्तकात नाही, असोद्याच्या बाईकडे सापडला.

बहिणाबाई चौधरींचं माहेर असोदे आणि सासर जळगाव, मधे जेमतेम काही किलोमीटर. (सर्वेक्षणाच्या भाषेत त्यासुद्धा ‘विवाहामुळे स्थलांतरित’. 2020-21 मध्ये स्थलांतरित स्त्रियांपैकी 86.8 टक्के याच कारणाच्या रकान्यात आहेत.) त्यांच्या माहेरावरच्या गाण्यात एक योगी भेटतो. एवढं माहेर गोड, तर सासरी येतेसच कशाला, असा त्याचा सवाल. बहिणाबाईंचं उत्तर शाळेत आपण ममता वगैरे म्हणून पाठ केलं. मला ते आता एखाद्या मॉडेलसारखं दिसतं: एका बाईचं माहेर म्हणजे दुसऱ्या बाईचं सासरी टिकून राहणं. माहेर ही जागा नाही, ते कुणाचं तरी रोजचं काम आहे. सोपानदेवांनी ही गाणी 1952 मध्ये छापून आणली. आपण संशोधनवाले मात्र अजून त्यांचा उपयोग प्रबंधाच्या पहिल्या पानावर शोभेसाठीच करतो.

हे मॉडेल आईला लावून बघा. ती लेकीकडे गेली आणि धुळ्याच्या घराला कुलूप लागलं. बाबा नाहीत, मी जळगावला होस्टेलवर. म्हणजे लेकीला आई मिळाली तेव्हाच तिचं माहेर बंद झालं. बाल्डासर यांच्या चौकटीत ही अडचण मला कुठे बसवता आली नाही. जाणं आणि परत येणं या तिथे एकाच फेरीच्या दोन बाजू आहेत, आईच्या बाबतीत ती दोन वेगळी कामं होती.

बहिणीने तिला व्हिसाची मुदत वाढवायचा अर्ज करू म्हटलं होतं. आई फोनवर मला म्हणाली, “आखाजीले घर उघडं जोयजे ना भाऊ.” आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. यंदा आमच्याकडे येणारी लेक नव्हती, हे आईला माहीत होतं. तरी ती आली.

आली त्या दिवशी मी प्रश्नावली घेऊनच बसलो होतो, पायलट म्हणून. ‘किती दिवस राहिलात?’, ‘जाण्याचं कारण?’ ही उत्तरं झटकन मिळाली. ‘परत येण्याचं कारण?’ याला माझ्याकडे तीन पर्याय होते: व्हिसा, तब्येत, इतर. आईने ‘इतर’वर खूण केली आणि शेजारच्या काकूंकडे किल्ली मागायला गेली.