मैदानावरील सहृदय

काव्यनाटकाच्या रसिकाविषयीं आपल्याकडे भरतमुनींपासून आजतागायत जितका काथ्याकूट झाला आहे, त्याच्या शतांशानेंही तो खेळ पाहणाऱ्या माणसाविषयीं झालेला नाहीं. वस्तुतः आपल्या जिल्ह्यांत (त्याला आतां अहिल्यानगर म्हणावयाचें, तरी जुन्या जिभेवर अजून 'नगर'च येतें) नियमानें नाटकाला जाणारीं कुटुंबें हाताच्या बोटांवर मोजतां येतील, परंतु ता. २ एप्रिल २०११ रोजीं वानखेडे मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना चालू असतांना ज्या घरांत कोणीच दूरचित्रवाणीपुढें बसलें नव्हतें, असें घर शोधावयाचें तर बरीच पायपीट करावी लागली असती. एवढ्या मोठ्या समुदायाच्या आस्वादाची परीक्षा करणें हें टीकाकाराचें काम नव्हे, असें कोणी म्हणेल तर तें मला मान्य नाहीं. नाटक चांगलें कीं वाईट हें सांगतांना प्रेक्षक चांगला कीं वाईट हेंही केव्हां तरी सांगितलें पाहिजे.

त्या सामन्यांत आपल्या जिल्ह्याचें एक माणूस होतें. झहीर खान हा श्रीरामपूरचा. ता. २३ मार्च २००३ रोजीं जोहान्सबर्ग येथें ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या अंतिम सामन्याचें पहिलें षटक त्यानेंच टाकलें होतें, आणि त्यांत पंधरा धावा गेल्या होत्या. ऑस्ट्रेलियानें पुढें ३५९ धावा उभारल्या व आपण १२५ धावांनीं हरलों. तरी कित्येकांनीं साऱ्या पराभवाचें खापर त्या एका षटकावर फोडलें. आठ वर्षांनीं तोच गोलंदाज मुंबईच्या मैदानांत उतरला तेव्हां पहिल्या पांच षटकांत त्यानें अवघ्या सहा धावा दिल्या, एक गडी टिपला, आणि त्या पांचांपैकीं तीन षटकें निर्धाव गेलीं. हा फरक नशिबाचा नव्हे, कारागिरीचा होता. २००३ सालीं उत्साहाला आवर नव्हता. २०११ सालीं कोणता चेंडू कोठें टाकावा याबरोबरच कोणता टाकूं नये हेंही त्या मनगटाला ठाऊक झालें होतें. त्या स्पर्धेत त्यानें २१ बळी मिळविले; त्याहून अधिक कोणीच मिळविले नाहींत. परंतु आज त्या सामन्याविषयीं कोणालाही विचारा, तो धोनीचा अखेरचा षट्कार सांगेल. झहीरच्या तीन निर्धाव षटकांचें नांव निघत नाहीं. अखेरच्या षटकांत त्याला मार पडला व हिशेब दहा षटकांत साठ धावा असा झाला. तेव्हां नुसते आंकडे चाळणाऱ्यालाही त्या प्रारंभाचा सुगावा लागावयाचा नाहीं. कादंबरीचें शेवटचें पान आधीं उघडून पाहणारा वाचक जसा, तसाच आमचा हा प्रेक्षक. त्याला कथा नको, निकाल हवा.

असें कां व्हावें? भट्टनायकानें सांगितलेलें साधारणीकरण येथें उपयोगी पडेल असें प्रथमदर्शनीं वाटतें. रंगभूमीवरील दुःख माझेंही नव्हे, शत्रूचेंही नव्हे, अशा भूमिकेवर गेल्यावांचून रस उत्पन्न होत नाहीं. तात्यासाहेब केळकरांनीं १९२१ सालच्या बडोद्याच्या संमेलनांत 'सविकल्प समाधी'ची उपपत्ति मांडली, तिचाही मथितार्थ हाच, कीं वाचक आपलें स्वत्व न सोडतां दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतो, व या दुहेरीपणांतच त्याचा आनंद असतो. क्रिकेटचा प्रेक्षक दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतो खरा. पण शिरतांना स्वत्वाचा दरवाजा सताड उघडा टाकून जातो. 'आपण जिंकलों' या वाक्यांतील 'आपण' कोण? चेंडू टाकणारा श्रीरामपूरचा. सोफ्यावरून न उठलेला नगरचा!

तथापि या तुलनेला मर्यादा आहे, ती सोडून देणें योग्य होणार नाहीं. शंकुकानें नटाला चित्रांतल्या घोड्याची उपमा दिली. तो घोडा खराही नव्हे व खोटाही नव्हे. मैदानावरील घोडा खराच आहे, तो अडखळला तर खरोखरच पडतो, आणि शर्यतीचा शेवट कोणालाही ठाऊक नसतो. 'शाकुंतला'चा शेवट ठाऊक असलेला प्रेक्षक निश्चिंतपणें शकुंतलेसाठीं रडूं शकतो. खेळाच्या प्रेक्षकाच्या वांट्याला ही निश्चिंती येत नाहीं. म्हणून त्याच्याकडून शुद्ध रसास्वादाची अपेक्षा करणें अन्यायाचें होईल. त्याच्या मनांत निकालाची चिंता आणि कौशल्याचें कौतुक हीं दोन्ही एकाच वेळीं चालूं असतात. मला विचारावयाचें आहे तें इतकेंच, कीं चिंतेनें कौतुकाला सबंध गिळून टाकलें कीं कांहीं शिल्लक ठेवलें? याची कसोटी एकच. प्रतिपक्षानें उत्तम खेळ केला असतां आपला हात टाळीसाठीं उठतो काय?

या कसोटीला आपले प्रेक्षक कधीं उतरले आहेत, कधीं नाहींत. ता. १३ मार्च १९९६ रोजीं कलकत्त्यास श्रीलंकेविरुद्ध आपले आठ गडी १२० धावांत बाद झाले, तेव्हां बाटल्या भिरकावल्या गेल्या, प्रेक्षागारांत आगी लागल्या, आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. विनोद कांबळी रडत परतला. याच्या उलट ता. ३१ जानेवारी १९९९ चा मद्रासचा दिवस. सचिन तेंडुलकरनें पाठदुखी सोसून १३६ धावा काढल्या, विजय हातातोंडाशीं आला, आणि पाकिस्ताननें १२ धावांनीं सामना जिंकला. दोन देशांमधील वैर लक्षांत घेतां कांहींही घडलें असतें. घडलें तें असें, कीं सारें प्रेक्षागार उभें राहिलें आणि पाकिस्तानी संघानें त्या टाळ्यांच्या गजरांत मैदानाला फेरी घातली. अभिनवगुप्तानें 'सहृदय' शब्द वापरला, त्याचें याहून चांगलें उदाहरण कोणत्याही नाट्यगृहांत मला सांपडलेलें नाहीं.

तिसरें उदाहरण ता. १९ नोव्हेंबर २०२३ चें. अहमदाबादेस नव्वद हजारांहून अधिक माणसें जमलीं होतीं. मोठा समुदाय गप्प होणें यासारखें समाधान नाहीं, अशा अर्थाचें वाक्य ऑस्ट्रेलियाचा कप्तान पॅट कमिन्स आदल्या दिवशींच बोलून गेला होता. ट्रॅव्हिस हेडनें १३७ धावा काढल्या व समुदाय खरोखरच गप्प झाला. कांहींजण या शांततेला सभ्यपणाचें नांव देतात. बाटल्या फेकण्यापेक्षां ती बरी, हें उघडच आहे. पण शोकांतिकेच्या शेवटीं नाट्यगृहांत जी शांतता पसरते ती भरलेली असते; ही रिकामी होती, आणि पारितोषिकांच्या वेळेपर्यंत आसनेंही बरींच रिकामीं झालीं होतीं.

हा दोष खेड्यांत नाहीं, असा एक गोड समज आहे. आपल्याकडे यात्रेच्या हगाम्यांत परगांवचा मल्ल चांगला डाव करून गेला तर त्यालाही लोक इनाम देतात, फेटा बांधतात, हें मीं पाहिलें आहे. आणि पंचांच्या निकालावरून हमरीतुमरी होतांनाही पाहिलें आहे. परंतु त्या गर्दींतल्या पुष्कळांनीं लहानपणीं लाल मातींत अंग घातलेलें असतें. ढाक कशी बसली, धोबीपछाड कां फसली, हें त्यांना कळतें. आणि जें कळतें त्याचें कौतुक शत्रूच्या अंगीं असलें तरी लपवितां येत नाहीं. दूरचित्रवाणीपुढील प्रेक्षकाला हें शिक्षण नाहीं. बाळ पंडितांचें मराठी धावतें वर्णन आकाशवाणीवरून ऐकणाऱ्या पिढीला निदान मनांत मैदान उभें करावें लागे. तें श्राव्य काव्य होतें. आतां एकच झेल निरनिराळ्या बाजूंनीं, संथ गतीनें, पुनःपुन्हा दाखविला जातो. सूक्ष्म निरीक्षणाची एवढी सोय कालिदासाच्या प्रेक्षकालाही नव्हती! आणि ती चालू असतां आम्ही चहा आणावयास उठतों.

पक्षपाताच्या खात्यावर एक रक्कम जमाही आहे, तीही मांडली पाहिजे. मुंबईच्या जुन्या पंचरंगी सामन्यांत संघच धर्मावारी असत. गांधीजींनीं १९४० सालीं त्यांना विरोध केला, पुढें ते बंद पडले. त्या मानानें आज झहीर खानला 'आपला' म्हणतांना श्रीरामपुरांत कोणी जातधर्म विचारीत नाहीं. 'आपण'चा परीघ वाढला आहे. तो मैदानाच्या मध्यरेषेपलीकडे जात नाहीं, एवढेंच माझें गाऱ्हाणें.

तो जाऊं शकतो हें आपल्याच जिल्ह्यांतील दुसऱ्या खेळाडूनें दाखविलें. अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यांतील आश्वी खुर्दचा. डिसेंबर २०२० मध्यें अॅडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपल्यावर त्याच्याकडे संघाची धुरा आली. मेलबर्नला त्यानें ११२ धावा केल्या. ते सामने पाहण्यासाठीं आमच्याकडे लोक पहांटे पांचाला थंडींत उठत. ता. १९ जानेवारी २०२१ रोजीं ब्रिस्बेनला विजय मिळाला, त्या क्षणीं रहाणेला आठवण राहिली ती प्रतिपक्षाच्या नेथन लायनचा हा शंभरावा कसोटी सामना असल्याची. आपल्या खेळाडूंनीं सह्या केलेला सदरा त्यानें लायनला भेट दिला. या कृतीची वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाहवा झाली. पण जून २०२३ मध्यें ओव्हलवर जागतिक कसोटी स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत त्याच रहाणेनें पडत्या डावांत ८९ धावा काढल्या, त्यांची आठवण आश्वीबाहेर कितीजणांना असेल? सामना आपण हरलों होतों.

त्याही सामन्यांत हेडनें १६३ धावा केल्या होत्या, म्हणजे अहमदाबादेस तो अनोळखी नव्हता. तेथें त्याच्या शतकाआधीं त्यानें रोहित शर्माचा झेल घेतला, तो मला त्या शतकाहूनही सुंदर वाटला. चेंडू उंच उडाला. हेड मैदानाकडे पाठ करून धांवत सुटला, आणि चेंडू पाठीमागून येत असतां अंग झोंकून देऊन त्यानें तो धरला. आमच्या दिवाणखान्यांत सर्वांनीं कपाळाला हात लावला. क्रिकेटमधलें कांहीं न कळणाऱ्या आमच्या वृद्ध आत्याबाई तेवढ्या सुनेकडे वळून म्हणाल्या, "अगं, केवढा धांवला गं तो पोरगा!" त्यांना कोणीं उत्तर दिलें नाहीं.