शेवटच्या वर्गातले वाचनालय

यवतमाळने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरवले. 1973 मध्ये ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते, 2019 मध्ये अरुणा ढेरे. 2019 च्या संमेलनाचे उद्घाटन केले कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर त्यांनी घर सावरले होते. संमेलनाचा मांडव तीन दिवसांत उतरतो. कापूसपट्ट्यातल्या अशा घरांपर्यंत पुस्तक पोचवण्याचे काम वर्षभर गावातले वाचनालय करते. एखादी कविता वाचावी तितक्या बारकाईने हे वाचनालय वाचायला हवे.

आधी त्याचा आकृतिबंध. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा. त्याखालच्या अ, ब, क, ड या वर्गवारीत खेड्यातली बरीच वाचनालये ड वर्गात असतात. 60 टक्के वाढ होण्यापूर्वी या वर्गाला वर्षाला 30 हजार रुपये अनुदान मिळे. त्यातच ग्रंथपालाचे मानधन, वर्तमानपत्रांचे बिल आणि नवी पुस्तके बसवायची. वृत्ताचे बंधन कवीला प्रत्येक शब्द तोलायला लावते, तसे हे तुटपुंजे पैसे ग्रंथपालाला प्रत्येक पुस्तक तोलायला लावतात. म्हणून इथली निवड निरखण्यासारखी असते.

कपाट उघडले की वरच्या खणात तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' असते. विदर्भात ती असायचीच. मधल्या खणात महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा आसूड' सापडतो. खालच्या खणात पोलीस भरती आणि तलाठी भरतीची मार्गदर्शक पुस्तके, हाताळून कडा मळलेली. हा क्रम कुणी मुद्दाम लावलेला नसतो, तरी तो बोलतो. गाव कसे असावे याचे स्वप्न वर, शेतकरी कसा नागवला जातो याची 1883 मधली चिकित्सा मध्ये, आणि त्याच शेतकऱ्याच्या लेकरांची शेतीबाहेरची वाट शोधणारी धडपड खाली. यवतमाळ जिल्ह्याच्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास तीन फळ्यांवर उभा आहे.

वर्तमानपत्रांच्या टेबलाजवळ वाचनाचा दुसरा रस भेटतो. कापसाचा आणि सोयाबीनचा भाव एक जण मोठ्याने वाचतो, चार जण ऐकतात. त्यांतल्या एखाद्याला अक्षरओळख नसते, पण पीक विम्याची शेवटची तारीख त्यालाही कळते. श्रोत्याला वाचकाचा मान देणारी ही जागा मला फार मोलाची वाटते.

तिसरा भाग देवघेवीच्या नोंदवहीचा. पेरणीच्या दिवसांत तिच्यातल्या ओळी विरळ होतात, वेचणीच्या हंगामातही. उन्हाळ्यात त्या दाटतात. शाळकरी मुलीच्या नावावर जाडजूड कादंबरी गेलेली दिसली, तर ती बहुधा तिची आई वाचत असते. रानातून आल्यावर चूल पेटवायची असते, वाचनालयाची वेळ तिला गाठता येत नाही. नोंद लेकीची, वाचन आईचे. म्हणून नोंदवहीतल्या सभासदांपेक्षा गावातले वाचक जास्त असतात.

उणीवही सांगितली पाहिजे. झरी जामणी, मारेगाव, केळापूर भागात कोलाम वस्त्या आहेत, जिल्हाभर बंजारा तांडे आहेत. कोलामी किंवा गोरमाटी बोलत मोठ्या झालेल्या मुलाला आपल्या भाषेतले पुस्तक या कपाटांत सहसा मिळत नाही. ती जागा भरल्याशिवाय वाचनालय साऱ्या गावाचे होणार नाही.

एवढे असूनही माझा अभिप्राय स्पष्ट आहे. सरकारी वर्गवारीत हे वाचनालय शेवटचे. पुस्तक गरजवंताच्या हाती देण्याच्या कसोटीवर ते पहिल्या वर्गाचे आहे. ज्यांचे गावाशी नाते आहे त्यांनी तिथली वर्गणी भरावी, एक पुस्तक स्वतःच्या नावावर न्यावे आणि वाचून परत करावे. वाचनालयाची तपासणी होते तेव्हा नोंदवहीतली अशी प्रत्येक ओळ त्याच्या बाजूने साक्ष देते.