शाळा एक, तुकड्या वेगळ्या: ‘फ्रेंडिंग बायस’ नेमकं काय मोजतो?

नेट-पेटची तयारी करणाऱ्यांनी एक सवय आत्तापासूनच लावून घ्यावी. पेपर हातात आला की निष्कर्षाच्या आधी मोजमाप तपासायचं. आज त्यासाठी राज चेट्टी आणि सहकाऱ्यांचं २०२२ साली ‘नेचर’मध्ये आलेलं काम घेऊया. अमेरिकेत श्रीमंत आणि गरीब घरांतल्या लोकांची आपसात मैत्री कमी का, हा त्यांचा प्रश्न. माहिती आहे २५ ते ४४ वयाच्या सुमारे ७ कोटी फेसबुक वापरकर्त्यांची. एवढा मोठा आकडा बघितला की आपण आधीच मान डोलवायला लागतो. जरा थांबा.

लेखक या दुराव्याचे दोन भाग करतात. पहिला एक्स्पोजर, म्हणजे वरच्या स्तरातली माणसं तुमच्या शाळेत किंवा प्रार्थनास्थळी मुळात आहेत का. दुसरा फ्रेंडिंग बायस, म्हणजे ती समोर असूनही मैत्री कमी होते का. त्यांच्या हिशेबात दोघांचा वाटा साधारण निम्मा-निम्मा निघतो.

समजा एका हायस्कूलमध्ये ६० टक्के मुलं वरच्या स्तरातली आहेत. गरीब मुलांच्या मित्रांमध्ये मात्र अशी मुलं सरासरी ४८ टक्केच आहेत. मग बायस झाला १ वजा ४८/६०, म्हणजे ०.२. इथपर्यंत सगळं स्वच्छ आहे.

आता छेदाकडे बघा. ६० टक्के हे अख्ख्या शाळेचं प्रमाण आहे. पण मूल दिवसभर अख्ख्या शाळेत बसत नाही, आपल्या वर्गात बसतं. अमेरिकी हायस्कूलमध्ये पुढच्या पातळीचे एपी अभ्यासक्रम वेगळे चालतात. एखाद्या शाळेत तिथे मुख्यतः सुखवस्तू घरांतली मुलं असतील, तर बाकीच्यांशी त्यांची गाठच कमी पडणार. हा दोष वेळापत्रकाचा. आकड्यात मात्र तो ‘बायस’ म्हणून जमा होतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, पोरंच कंपूबाज आहेत!

लेखकांना हे माहीत नाही असं नाही. मोठ्या शाळांत बायस जास्त दिसतो, शाळेची रचना बदलली तर तो कमी होऊ शकेल, असं तेच मांडतात. नवव्या इयत्तेतल्या मुलांना मुद्दाम मिसळून छोट्या गटांत विभागणाऱ्या बर्कली हायस्कूलचं उदाहरणही त्यांच्याच कामात येतं. म्हणजे गणितापेक्षा माझी तक्रार नावाशी जास्त आहे. चुकीचं नाव दिलं की उपायही चुकतो: वेळापत्रक तसंच राहतं आणि मुलांना मैत्रीवर व्याख्यान ऐकावं लागतं. शिवाय शाळेचा आकार आणि बायस यांचा संबंध हा सहसंबंध आहे. शाळा लहान केली की कंपू फुटतील, हे त्यातून सिद्ध होत नाही.

याच्या शेजारी गौतम राव यांचा २०१९ चा दिल्लीवरचा पेपर ठेवून वाचा. २००७ पासून तिथल्या उच्चभ्रू खासगी शाळांना गरीब मुलांना प्रवेश द्यावा लागला. काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या आद्याक्षरांनुसार पडत होते, त्यामुळे कोण कोणाशेजारी येणार हे मुलांच्या आवडीवर नव्हतं. राव यांना सुखवस्तू मुलांमध्ये भेदभाव कमी आणि उदारपणा जास्त आढळला, आणि त्यात प्रत्यक्ष सहवासाचा मोठा वाटा दिसला. नमुना चेट्टींच्या तुलनेत चिमूटभर, पण ‘मैत्री कशी घडते’ या प्रश्नाला तो जास्त थेट भिडतो.

तुमच्यापैकी कुणी उद्या महाराष्ट्रातल्या आरटीईच्या २५ टक्के जागांवर प्रपोजल लिहील. ‘मुलं मिसळतात का?’ हा प्रश्न प्रश्नावलीत नंतर घाला. आधी शाळेकडून तुकड्यांच्या याद्या, बाकांची व्यवस्था आणि सुट्टीच्या वेळा मागून घ्या. संधी किती होती ते कळल्याशिवाय निवडीबद्दल बोलता येत नाही. व्हायव्हात पहिला प्रश्न तुमच्या छेदावरच येईल, आणि यायलाच हवा.