हिरवं दिसतं म्हणून निरोगी? : दलदलीच्या जंगलांच्या मोजमापाबद्दल

इनामगावात बसून दलदलीच्या जंगलाबद्दल बोलायचं म्हणजे जरा गंमतच. इथं पाणी म्हणजे घोड नदी आणि उसाचा पाट. पण आजचा मुद्दा पाण्याचाच आहे, म्हणून इथं चालेल.

इंडोनेशियापासून सुरुवात करू. तिथल्या दलदलींत पानं-लाकूड पाण्याखाली पुरतं कुजत नाही, हजारो वर्षं थर साचत जातात. त्याला म्हणतात पीट. 1996 साली मध्य कालिमंतानमध्ये दहा लाख हेक्टरांवर भात पिकवायची योजना निघाली, कालवे खणले, पाणी निघून गेलं. पुढच्याच वर्षी एल निनो आला आणि वाळलेलं पीट जमिनीखालून जळत राहिलं. इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. कालवा खणला त्या दिवशी उपग्रहातून पाहिलं असतं तर आजूबाजूचं जंगल हिरवंगारच दिसलं असतं! पुढे तिथल्या सरकारनं कायद्यात निकष घातला तो झाडांचा नाही, भूजलाचा. पाणी पृष्ठभागाखाली 0.4 मीटरपेक्षा जास्त खोल गेलं की पीट बिघडलं असं धरायचं. एवढ्या आगी लागल्यावर सुचलेलं का असेना, हे मोजमाप योग्य जागी लागलं आहे.

आता आपल्याकडे या. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्ड्याला रानजायफळाची दलदल आहे. ही पीटची नव्हे, पण नात्यातली. 2021 साली राज्यानं तिला जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केलं. क्षेत्र 2.59 हेक्टर. घोषणा चांगलीच झाली, माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. तक्रार आहे ती अशी की आपण या जागेची ओळख हेक्टर आणि झाडांच्या आकड्यांत सांगतो आणि तिथंच थांबतो. सहा-साडेसहा एकराच्या तुकड्याचं आरोग्य त्या सहा एकरांत ठरत नाही हो! ते ठरतं वरच्या ओढ्यावर. वर कुणी बागायतीसाठी पाणी वळवलं, तर हद्दीतल्या एकाही झाडाला कुऱ्हाड न लावता दलदल संपते.

आणि संपताना दिसतही नाही. मोठी झाडं उभीच राहतात. पण रानजायफळाचं बी मोठं, ओलसर, वाळलं की मेलं. म्हणजे आधी थांबतात ती रोपं. झाडं मोजणाऱ्याला पुढची कितीतरी वर्षं आकडा तोच मिळणार.

उलटी चूकही होते. आपला माणूस पाणी दिसलं की अडवतो. या गावात तर तीन हजार वर्षांपूर्वीचा बांध आणि पाट उत्खननात सापडला आहे! पण दलदलीतलं पाणी हळूहळू वाहतं लागतं. ही झाडं चिखलाबाहेर गुडघ्यासारखी मुळं काढून श्वास घेतात. भलत्या ठिकाणी बंधारा घातला की ती मुळंच बुडणार.

मग मोजायचं काय? फेब्रुवारी ते मे चिखलात पाणी किती खोल गेलं, ओढा किती वाहतो, आणि गुडघाभर उंचीची रोपं किती. भोकं पाडलेला पाईप, मोजपट्टी, वही. इनामगावचं उत्खनन डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 चालवलं, तेव्हा कुठं इथल्या थरांचा अर्थ लावता आला. बांबर्ड्यालाही तेवढी वर्षं द्यायला हवीत. आणि नोंदी ठेवणारा माणूस तिथलाच हवा, गावच्या जैवविविधता समितीतला. मे महिन्यात दर आठवड्याला पुण्याहून कोण जाणार?