साडेसहाचा पाहुणा, साडेनऊचा यजमान

टीव्हीवर गप्पांचा कार्यक्रम करणारा सूत्रसंचालक प्राइम टाइमला आला, की थोड्याच दिवसांत त्याच्याविषयी एक वाक्य ऐकू येते : ‘तो आता पहिल्यासारखा राहिला नाही.’ वाहिनीवाले याचा अर्थ लावतात की विनोद शिळे झाले, पाहुणे कमी पडले. समीक्षक म्हणतात, माणसाला हवा लागली. प्रेक्षकाच्या या वाक्याकडे तक्रार म्हणून नव्हे, तर निरीक्षण म्हणून कुणी पाहिलेले मला फारसे आढळले नाही. मला वाटते, त्यात बरेच तथ्य आहे. माणूस तोच असतो. बदललेली असते ती त्याच्यासमोर बसलेल्या घराची मांडणी.

या प्रश्नाचे सर्वांत उघड उदाहरण अमेरिकेतले आहे. जे लेनो हा विनोदवीर १९९२पासून एनबीसी वाहिनीवर ‘द टुनाइट शो’ करीत असे. वेळ रात्री ११ वाजून ३५ मिनिटांची. त्याच्या आधी जॉनी कार्सनने हाच कार्यक्रम तीस वर्षे केला होता. २००९च्या जूनमध्ये ती खुर्ची कोनन ओब्रायनकडे गेली आणि १४ सप्टेंबर २००९पासून लेनोला आठवड्याचे पाचही दिवस रात्री १०ची वेळ देण्यात आली. हिशेब सरळ होता. दहा वाजता दाखवल्या जाणाऱ्या कथामालिका महाग पडतात, गप्पांचा कार्यक्रम स्वस्त. पहिल्या रात्री पावणेदोन कोटींच्या पुढे प्रेक्षक आले. काही आठवड्यांत ते ५०-६० लाखांच्या घरात उतरले. लेनोनंतर अकराला लागणाऱ्या स्थानिक बातम्यांचे प्रेक्षकही आटले आणि एनबीसीशी जोडलेल्या गावोगावच्या केंद्रांनी ओरड सुरू केली. ९ फेब्रुवारी २०१०ला हा प्रयोग संपला. लेनोला साडेअकराची वेळ परत देऊन ‘टुनाइट शो’ मध्यरात्रीपलीकडे ढकलण्याचा घाट वाहिनीने घातला, तेव्हा ओब्रायनने नकार दिला. त्याचे म्हणणे असे, की मध्यरात्रीनंतर सुरू होणारा कार्यक्रम हा ‘टुनाइट शो’च राहणार नाही. तो २२ जानेवारीला बाहेर पडला आणि मार्चमध्ये लेनो जुन्या जागी परतला.

या प्रकरणात पैसा, करार, रुसवेफुगवे यांवर पुष्कळ लिहिले गेले. मला महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. साडेअकराला लाखो लोकांना जो माणूस पुरत होता, तोच दहाला पुरला नाही. साडेअकराला बघणारा माणूस दिवसाचे जोडे काढून बसलेला असतो. त्याला कुणीतरी हलकेसे बोलत राहावे, एवढेच हवे असते. ऐकता ऐकता झोप लागली तरी चालते. दहाला मात्र त्याला काहीतरी घडायला हवे असते. ओब्रायनला हे नेमके कळले होते : वेळ हा कार्यक्रमाचा पत्ता नसतो, त्याच्या शरीराचाच भाग असतो.

आता आपल्या घरात येऊ. २००४ साली तेव्हाच्या अल्फा मराठीवर, म्हणजे आजच्या झी मराठीवर, ‘होम मिनिस्टर’ सुरू झाला. आदेश बांदेकर संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास कुणाच्या तरी दारात उभे राहत आणि घरातल्या सुनेशी, सासूशी बोलत. खेळ, उखाणा, शेवटी पैठणी. वरवर हा खेळाचा कार्यक्रम. पण त्याचा जीव गप्पांत होता : लग्न कसे जमले, नवरा कशावरून चिडतो, सासूने पहिल्यांदा काय शिकवले. जवळजवळ दीड तप हा माणूस संध्याकाळच्या वेळेला धरून राहिला. त्या वेळेला घरात पाहुणा येतो, चहा टाकला जातो. सूत्रसंचालक इथे पाहुणा आहे आणि बाई यजमान. म्हणून तर लोकांनी त्यांना ‘भावोजी’ म्हटले. भावोजी हा शब्द परक्या माणसाला सहजी मिळत नाही.

२०२२च्या एप्रिलमध्ये याच कार्यक्रमाने ‘महामिनिस्टर’चे रूप घेतले आणि ११ लाखांची पैठणी जाहीर केली. वेळ तीच राहिली, पण आकार प्राइम टाइमचा झाला. त्यावर झालेली टीका आठवावी. लोक पैठणीच्या किमतीवर बोलत होते. माझ्या मते त्यामागचा सल वेगळा होता. पाहुण्याने आणलेली भेट यजमानाला ओशाळवाणे करील इतकी मोठी नसावी, हा आपला रिवाज आहे. संध्याकाळच्या माणसाने रात्रीच्या माणसासारखे वागायला सुरुवात केली, हे प्रेक्षकांना खटकले.

रात्रीचा माणूस म्हणजे निलेश साबळे. ‘चला हवा येऊ द्या’ ऑगस्ट २०१४मध्ये सुरू झाला, सोमवार-मंगळवार रात्री साडेनऊला. इथे सूत्रसंचालक सरकला नाही, गप्पाच सरकल्या. नव्या चित्रपटाच्या चमूशी बोलणे हा तोवर बहुधा फावल्या वेळेचा मामला होता. तो उचलून मालिकांच्या ऐन पंगतीत बसवला गेला. त्यासाठी ‘थुकरटवाडी’ नावाचे गाव उभे केले. त्यात भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, श्रेया बुगडे, भारत गणेशपुरे अशी माणसे वसवली. साबळे या गावाचा यजमान झाला. पाहुणे मुंबईहून येऊ लागले. आपण सगळे प्रेक्षागृहात गेलो.

आमच्या भागात या कार्यक्रमाविषयी दोन प्रतिक्रिया मी वर्षानुवर्षे ऐकल्या. पहिली अभिमानाची. अमरावतीकडचे गणेशपुरे वऱ्हाडीत बोलू लागले, की माणसे टीव्हीचा आवाज वाढवीत. दुसरी प्रतिक्रिया त्याच घरात, थोड्या वेळाने : ‘पण हे आपल्या बोलीवर हासतेत का आपल्यासंगं हासतेत?’ गोंदियाची बोली वऱ्हाडी नाही. इथे झाडीबोली आहे, पोवारी आहे, सालेकसा-देवरीकडे गोंडी आणि छत्तीसगढी आहे, आणि शहरात घरोघर हिंदी. तरी विदर्भाची म्हणून जी एक बोली साडेनऊला पोचली, तिच्यावरच आम्ही आमचा हक्क सांगितला आणि तिच्याच बाबतीत आम्ही हळवे झालो. संध्याकाळी सहाला अशी शंका कुणी घेत नाही. प्राइम टाइमला घेतात, कारण तेव्हा सगळा महाराष्ट्र बघतो आहे, हे बघणाऱ्याला ठाऊक असते.

त्याच कार्यक्रमातली एक गोष्ट मात्र या शंकेच्या पलीकडे गेली. ती म्हणजे पोस्टमनची पत्रे. अरविंद जगताप लिहीत आणि सागर कारंडे पोस्टमनच्या वेषात वाचत. हशा थांबे. साबळेही गप्प बसलेला असे. ज्या माणसाने साडेनऊची वेळ बोलून जिंकली होती, त्याने काही मिनिटे ती दुसऱ्याच्या हवाली केली. सूत्रसंचालक म्हणून त्याची सर्वांत चांगली कामगिरी मी यातच धरतो. समोर चमकदार पाहुणे बसलेले असताना, ज्यांना त्या सोफ्यावर कधी बोलावणे येणार नाही अशा माणसांची बाजू तिथे वाचली जात होती. पत्रे कधीकधी फार गोड होत, रडू आणण्याचा बेत आधीच दिसे, हा दोष मी नाकारत नाही. तरी गावात दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची नावे विसरली जात आणि पत्र सांगितले जाई.

इथे एक प्रश्न मला स्वतःलाच विचारावा लागला. मी ‘घर’, ‘प्रेक्षक’ म्हणतो आहे, ते कुणाचे? एका पावसाळ्यात रोवणा करून परतणाऱ्या बायांना मी ‘होम मिनिस्टर’विषयी विचारले. एकीने सांगितले, ‘भाऊ, तो येते तवा आमी बांधीतच रायतो.’ मग साडेनऊचा कार्यक्रम? त्यावर सगळ्या हसल्या. पहाटे उठून, दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावलेली बाई साडेनऊला झोपलेली असते. म्हणजे साडेसहाची ‘वहिनी’ ही त्या वेळेला घरी असणारी बाई आहे, आणि साडेनऊचे ‘कुटुंब’ सकाळी उशिरा उठू शकणारे. धानाच्या या जिल्ह्यात रोवणा आणि कापणी मिळून वर्षातले कितीतरी आठवडे दोन्ही वेळा दुसऱ्या कुणासाठी राखलेल्या असतात.

त्यात विजेची भर. २००५नंतरची काही वर्षे भारनियमनाने आमच्या खेड्यांत प्राइम टाइम कुठला, हे वाहिनीने नव्हे तर वीज मंडळाच्या वेळापत्रकाने ठरवले. पुढे याच जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचा वीज प्रकल्प उभा राहिला, तोवर बघण्याच्या सवयी पडून गेल्या होत्या : रात्री हुकलेले दुसऱ्या दिवशी पुनःप्रक्षेपणात बघायचे. आणि ज्याला वाहिन्या प्रेक्षकांची प्रतिक्रिया म्हणतात, तिच्यात हे बघणे येतच नव्हते. प्रेक्षकमोजणी २०१५पर्यंत मुख्यतः शहरांत होत असे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून बार्कच्या आकड्यांत ग्रामीण घरे रीतसर आली. त्याआधी खेड्यातला माणूस हसला काय, रुसला काय, ते कुठेच नोंदले जात नव्हते.

आमच्याकडे रात्रीची खरी मोठी वेळ निराळीच आहे. दिवाळी झाली की मंडई भरू लागते आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. नाटक रात्री दहाच्या सुमारास उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. साडेनऊला झोपणाऱ्या त्याच बाया पोती, चादरी घेऊन मंडपात बसतात, लेकरे मांडीवर झोपवून. तिथे न आवडलेला नट समोरच्या समोर ऐकून घेतो. म्हणजे रात्र जागायला त्या तयार नसतात असे नाही. जागण्यासारखे काही त्यांच्याकडे चालत आले, तर जागतात. साबळेचा कार्यक्रम दौऱ्यावर निघाला, गावोगाव मंडप टाकू लागला, ती वाट मला याच दिशेची वाटली होती. पण दौऱ्यातही सोफा मधोमधच राहिला.

कुणी म्हणेल, हा सगळा विचार आता जुना झाला. मोबाइलवर कसली वेळ? कपिल शर्माचा कार्यक्रम २०१३ साली कलर्सवर सुरू झाला, २०१६मध्ये सोनीवर गेला आणि २०२४च्या मार्चमध्ये नेटफ्लिक्सवर. तो आता कुणी जेवताना बघते, कुणी गाडीत. साबळेनेही २०२४मध्ये वाहिनी बदलून कलर्स मराठीवर ‘हसताय ना? हसायलाच पाहिजे!’ केला, आणि ‘चला हवा येऊ द्या’ २०२५मध्ये अभिजीत खांडकेकरच्या सूत्रसंचालनाखाली परतला. दोन्ही वेळा लोकांनी तुलना केली. पण मी ज्या घरांत बसतो तिथे ती तुलना तुकड्यांवर झाली, मोबाइलवर आलेल्या दीड-दोन मिनिटांवर. आक्षेप खरा आहे, रोवण्याच्या बाईच्या बाजूने तर तो फारच खरा आहे. तिला पहिल्यांदाच आपल्या सवडीने बघता येते आहे. तिचा हा फायदा मी माझ्या सिद्धांतासाठी कमी लेखणार नाही.

मात्र एक गोष्ट त्यात सुटते. ‘हे आपल्यासंगं हासतेत का?’ हा प्रश्न एका खोलीत, चार माणसांत, एकाच वेळी बघताना विचारला गेला होता. मुलाने तो विचारला, बापाने उत्तर दिले, आई दोघांना गप्प करून पुढचे ऐकू लागली. प्रेक्षकाची प्रतिक्रिया म्हणजे हेच : बघता बघता झालेले बोलणे. एकट्याने बघताना आवडले नाही तर बोट वर सरकवता येते, बोलावे लागत नाही. जो सूत्रसंचालक या पुढच्या काळात टिकेल, त्याला वेळ जिंकण्यापेक्षा हे बोलणे पुन्हा सुरू करून द्यावे लागेल.

या दिवाळीनंतर आमच्याकडे पुन्हा मंडया भरतील. मंडपात बसलेल्या बायांच्या पदराखाली आता मोबाइलही असतो. नाटक रंगले तर तो तिथेच राहतो. पुण्या-मुंबईच्या गप्पांच्या कार्यक्रमांनी एकदा येऊन, मागच्या पोत्यावर बसून, ते बघावे.